अध्यक्षांचे मेहुणे आणि मान वळवणारा कॅमेरा

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या अंगणांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. तिच्यावरून त्यांचा कढीपत्ता इकडे येतो आणि आमच्या घरातल्या बातम्या तिकडे जातात. दत्तमंदिराच्या ट्रस्टची बैठक रात्री साडेदहाला संपली आणि सकाळी सातला वहिनी कढीपत्ता खुडायला हजर. सातला कोण फोडणी देतं, असं विचारायची माझी काही टाप नव्हती.

“भाऊजी, तुमच्या धंद्यातलं एक सांगा. मान वळवणारा कॅमेरा म्हणजे काय हो?”

माझा धंदा शूटिंगचा. लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंग, आणि कोरोनापासून लाइव्ह.

“कुणाची मान वळवायचीय?”

“थट्टा नको. दत्तजयंतीचा सप्ताह यंदा लाइव्ह करायचं ठरलंय. अर्ध्या सांगलीची पोरं परदेशात. आमची धाकटी न्यूजर्सीत बसून दरवर्षी विचारते, आई, पाळणा दाखव की. संध्याकाळी सहाला जन्मकाळ, तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेसात. फोन धरून उभं राहायचं म्हटलं तर माझा हात भरून येतो आणि तिला दिसतात फक्त पुढच्या बायकांचे अंबाडे. म्हणून ट्रस्टने मनावर घेतलं. तर काल अध्यक्षांचे मेहुणे क्वोटेशन घेऊन आले. चार कॅमेरे, रिमोटवर फिरणारे, माणूस लागत नाही, सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार. आमचे हे खजिनदार. रात्रभर कुशी बदलतायत. सही करावी तर भीती, न करावी तर अध्यक्ष रुसणार.”

“मेहुणे करतात काय?”

“सीसीटीव्ही बसवतात.”

“मग आलं लक्षात.”

“तुमच्या लक्षात आलं, माझ्या यायला नको?” वहिनींनी खुडलेली डहाळी भिंतीवर ठेवली. आता फोडणी दुपारवर गेली होती.

मग सविस्तर सांगावंच लागलं. बाजारात पीटीझेड या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. पी म्हणजे पॅन, डावी-उजवीकडे वळणं. टी म्हणजे टिल्ट, वर-खाली होणं. आणि झेड म्हणजे झूम. या तीन गोष्टी दोघांनाही येतात. पण एक कॅमेरा चोर पकडण्यासाठी बनवलेला असतो आणि दुसरा कार्यक्रम दाखवण्यासाठी. चोरवाल्याला चित्र वायरीने थेट बाहेर द्यायचं एचडीएमआय किंवा एसडीआयचं तोंडच बहुधा नसतं. चित्र नेटवर्कमधून येतं, तेही उशिरा. तो वळतो तो हिसका देऊन, कारण त्याने लवकर वळावं एवढीच अपेक्षा असते, बघणाऱ्याला चक्कर येईल का याची फिकीर नसते. आणि उजेड कमी झाला की तो रात्र झाली असं समजून चित्र काळंपांढरं करतो.

“म्हणजे जन्मकाळाला?”

“मार्गशीर्ष पौर्णिमेला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. बरोबर पाळण्याच्या वेळेला तुमचा गुलाल न्यूजर्सीत करडा दिसेल.”

“अगंबाई! आणि अध्यक्ष म्हणत होते, मेहुण्याने देवाचं काम म्हणून पडत्या भावात दिलंय.”

“भाव पडताच आहे, खोटं नाही. ते चोर पकडायचं काम मेहुणे चांगलं करत असतील. दानपेटीवर बसवा त्यातला एक.”

“दानपेटीचं नाव काढू नका, त्यावर वेगळी बैठक आहे. खऱ्या कॅमेऱ्याचं सांगा. केवढ्याला?”

इथे मी जरा जपून बोललो, कारण आकडा सांगितला की तो तासाभरात गल्लीभर होतो. कार्यक्रमासाठीचे, २० पट झूमचे, कुणी फारसं नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे कॅमेरे साधारण चाळीस-पन्नास हजारांपासून मिळतात. सोनी, पॅनासॉनिक, कॅनन म्हटलं की लाखाच्या पुढेच बोलणं सुरू होतं. मधल्या पट्ट्यात बरीच नावं आहेत, आणि मंदिराच्या खिशाला परवडणारं ते तिथेच सापडतं. पण चार कॅमेरे हवेतच कशाला?

“लग्नात तुम्ही चार लावता की.”

“लग्नात नवरी एकीकडे, मुलाची आई दुसरीकडे आणि जेवणावळ तिसरीकडे. कीर्तनात बुवा एकाच जागी उभे. तुम्हाला दोन पुरतात. एक फिरणारा आणि एक न फिरणारा.”

“न फिरणारा कशाला? फिरणारा आहे ना?”

हे नेमकं विक्रेते सांगत नाहीत. फिरणारा कॅमेरा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो ते बघणं सुखाचं नसतं. स्वस्तातला असेल तर निघताना आणि थांबताना अडखळतो, मध्येच फोकस शोधत बसतो. म्हणून तो वळत असताना प्रेक्षकाला दुसरं काहीतरी दाखवावं लागतं. स्थिर कॅमेऱ्यावर सगळा मंच दिसत राहतो, तेवढ्यात फिरणारा निवांत पेटीवाल्यावर जाऊन बसतो, मग आपण तिकडे जायचं. घरी बसलेल्याला वाटतं, केवढे कॅमेरे लावलेत! हा स्थिर कॅमेरा विकत घ्यायचीही गरज नाही. कुणाकडे तरी कपाटात जुना हँडीकॅम पडलेला असतो. एचडीएमआयचं तोंड असलेला आणि पडद्यावरचे बॅटरी-बिटरीचे आकडे लपवून स्वच्छ चित्र बाहेर देणारा असला म्हणजे झालं.

“आमच्याकडेच आहे. थोरलीच्या बारशाला घेतलेला.”

“थोरलीचं बारसं फार जुनं झालं, वहिनी. त्याला टेप लागत असेल.”

“मग सेक्रेटरी सरांकडचा. त्यांच्या सूनबाईंनी केरळात शूटिंग केलं होतं, आम्हा सगळ्यांना बसवून दोन तास दाखवलं. त्याचा आज उपयोग होऊ दे.”

वहिनींना मग पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाची आठवण झाली. त्यांनी गेल्या गणपतीत कॅमेरा घेतला आणि तो अजून खोक्यात का आहे, हे त्यांना कळेना. मला कळत होतं, कारण तो बसवायला मलाच बोलावलं होतं. त्यांनी घेतला होता ऑफिसच्या मीटिंगचा यूएसबी कॅमेरा. वळतो छान, पण झूम तीन पट आणि यूएसबीची साधी वायर पाच मीटरपलीकडे भरवशाची नाही. म्हणजे लॅपटॉप गणपतीच्या पायाशी ठेवायचा, नाहीतर कॅमेरा मागे नेला की गायिका ठिपक्याएवढी. शेवटी कार्यकर्त्यांनी लॅपटॉप आराशीतल्या डोंगरात दडवला. दुसऱ्या दिवशी डोंगरातून नोटिफिकेशनचा आवाज येऊ लागला.

“तरीच!” वहिनी खूश झाल्या. “आणि आम्हाला सांगितलं, कॅमेरा परदेशी आहे, त्याचा सुटा भाग यायचाय.”

“झूम किती घ्यायचा ते कॅमेरा कुठे लावायचा त्यावर आहे. तुमच्या सभामंडपाची मागची भिंत मंचापासून किती?”

“पन्नास फूट. यांनी काल पट्टी लावून मोजलं, रात्री अकराला.”

खजिनदारांबद्दलचा माझा आदर वाढला. पन्नास फुटांवरून १२ पट झूमच्या कॅमेऱ्याने अगदी जवळ जायचं म्हटलं तरी चौकटीत सहा फूट रुंदी येते, म्हणजे बुवा फेट्यापासून मांडीपर्यंत दिसतात. २० पट झूममध्ये तीच रुंदी तीन फुटांवर येते, म्हणजे चेहरा आणि छाती. डोळ्यांतलं पाणी दिसायला हवं असेल तर २०, आणि कॅमेरा पंधरा-वीस फुटांवरच्या खांबावर लावायचा असेल तर १२ बरा, कारण त्याचा कोन रुंद असतो. पंधरा फुटांवरून १२ वाल्यात साधारण बावीस फूट मंच मावतो, २० वाल्यात साडेसतरा. एकीकडे मिळवलं की दुसरीकडे द्यावं लागतं. पीटीझेडऑप्टिक्ससारखी कंपनी म्हणूनच एकच मॉडेल १२, २० आणि ३० पट अशा तीन प्रकारांत विकते.

“आणि हे जे डिजिटल झूम म्हणतात?”

“ते धरायचंच नाही. ते चित्र कापून मोठं करणं झालं. अमुक पट म्हटलं की ऑप्टिकल किती, एवढंच विचारायचं. काही नवे छोटे कॅमेरे, ओब्सबॉटचा टेल एअर वगैरे, चित्र झकास देतात, माणूस ओळखून मागे फिरतात, पण त्यांचा झूम निव्वळ डिजिटल. घरातल्या खोलीतून शिकवणी घेणाऱ्याला उत्तम. पन्नास फुटांवरून नाही.”

“फोरके हवंय म्हणत होता अध्यक्षांचा पुतण्या.”

“तो घरी नेटचा किती प्लॅन घेतो विचारा. मंदिराचं अपलोड आधी मोजा. पाच-सहा एमबीपीएस अखंड मिळालं तर साधं फुल एचडी सुरेख जातं. बघणार सगळे फोनवरच.”

एवढ्यात खजिनदार दाढीचा फेस लावलेले दारात येऊन उभे राहिले. बोलले काही नाहीत, पण हातात वही होती. वहिनींनी त्यांना तिथूनच सांगितलं, “लिहून घ्या. झूम वीस. ऑप्टिकल.” ते लिहून घेऊन आत गेले.

मग वायरीचा विषय निघाला, आणि खरं सांगायचं तर स्वस्त आणि महाग इथेच ठरतं. कॅमेरा कसा आहे यापेक्षा त्याच्यातून बाहेर काय येतं ते बघायचं. एचडीएमआय सगळ्यांच्या ओळखीचं, पण साधी वायर तीस-चाळीस फुटांपलीकडे गेली की चित्र तुटायला लागतं, आणि तोंडाला कुलूप नसल्यामुळे कुणाचा पाय अडकला की निसटून येते. एसडीआयला गोल बीएनसी तोंड, फिरवून अडकतं. चांगल्या आरजी-६ वायरीवर तीनशे फुटांच्या आसपास आरामात जातं. आरजी-६ म्हणजे डिशला लागते त्याच जातीची वायर, फक्त आत तांबं असलेली घ्यायची. स्वस्तातल्या वायरीत आत लोखंड असतं आणि वर तांब्याचा मुलामा.

“आणि लॅनची?”

“लॅनची वायर १०० मीटर, म्हणजे सव्वातीनशे फूट. तिच्यात गंमत अशी की वीज, चित्र आणि कॅमेऱ्याला द्यायचा हुकूम, तिन्ही एकाच वायरीतून जातं. त्याला पीओई म्हणतात. खांबावर वेगळा प्लग पॉइंट काढायला नको, देवळाच्या दगडाला भोक पाडायला नको.”

“भोक पाडायला पुजारीकाका देणारही नाहीत. ट्यूबलाइटच्या वेळी केवढं झालं होतं.”

“पण अशा कॅमेऱ्यांना लागणारं पीओई बहुधा दोन ताकदीचं असतं. साधं १५ वॉटचं आणि प्लसचं ३० वॉटचं. कॅमेऱ्याला कुठलं लागतं ते आधी विचारायचं आणि तसाच स्विच घ्यायचा. नाहीतर कॅमेरा सुरू होतो, मान वळवायला सांगितली की ताकद पुरत नाही आणि बंद पडतो. लोक म्हणतात, कॅमेरा खराब.”

“हे ऐकायला मिळालंय कुठेतरी.”

“मिळणारच. आणि त्या स्विचला यूपीएस. लाइट अर्ध्या सेकंदासाठी लुकलुकली तरी हा कॅमेरा पहिल्यापासून सुरू होतो. आधी डावीकडे पूर्ण वळून बघणार, मग उजवीकडे, मग वर, मग खाली, मग आपल्या मूळ जागी येणार. तोवर इकडे पाळणा हलवून झालेला असतो. आणि यूपीएस जमिनीवर ठेवू नका. २०१९ चं पाणी सभामंडपात कुठवर आलं होतं, तुम्हालाच ठाऊक.”

वहिनींनी हात छातीपर्यंत नेऊन दाखवला. पुराबद्दल सांगलीत यापेक्षा जास्त बोलावं लागत नाही.

नेटवर्कवरून चित्र आणायचं म्हटलं की एनडीआय हे नाव कानावर येतं. २०१५ मध्ये न्यूटेकने काढलेली ही पद्धत सोयीची आहे. कॅमेरा लॅनवर लावला की कंप्युटरला आपोआप दिसतो. पण पूर्ण एनडीआय एका फुल एचडी कॅमेऱ्याला शंभर एमबीपीएसच्या वर जागा खातं, त्याला गिगाबिट स्विच हवा. एनडीआय एचएक्स हा त्याचा दाबून लहान केलेला भाऊ, तो दहा-वीसमध्ये भागवतो. काही कॅमेऱ्यांत याचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं आणि क्वोटेशनमध्ये ते शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात असतं. दोनच कॅमेरे असतील तर हा खर्च टाळता येतो. एसडीआय थेट लॅपटॉपपर्यंत आणायचं, लॅनवरून वीज आणि हुकूम.

“लॅपटॉपला ते गोल तोंड असतं?”

“नाही! हत्ती गेला नि शेपूट राहिलं, असं होतं ते इथे. कॅमेरा आला, वायर आली, आणि चित्र लॅपटॉपमध्ये घ्यायला कॅप्चर कार्डच नाही. सप्ताहाच्या आदल्या रात्री दुकानं शोधत हिंडतात. कार्ड घ्या, नाहीतर एटेम मिनीसारखी पेटी घ्या. चार एचडीएमआय आत जातात, एका यूएसबीने लॅपटॉपला लागते आणि बटण दाबून कॅमेरा बदलता येतो. मग एसडीआयचं एचडीएमआय करणारा छोटा कन्व्हर्टर तेवढा लागेल. बाकी लॅपटॉपवर ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर, ते फुकट.”

“फुकट म्हणजे चोरीचं?”

“नाही हो, कायदेशीर फुकट. त्यातच कॅमेरा फिरवायची सोयही जोडता येते, कॅमेऱ्याला व्हिस्का कळत असेल तर. व्हिस्का ही सोनीने काढलेली हुकमांची भाषा, आता जवळपास सगळ्या कंपन्यांचे कॅमेरे ती ऐकतात. ती लॅनवरून चालते का, हे विचारून घ्या. कॅमेऱ्याबरोबर टीव्हीसारखा रिमोट येतो, पण त्याला समोर मोकळी जागा लागते. मध्ये कुणी उभं राहिलं की कॅमेरा ऐकत नाही.”

“आमच्या घरातल्यासारखं,” असं म्हणून वहिनींनी आतल्या दाराकडे बघितलं.

“खरी सोय प्रीसेटची. एकदा कॅमेरा नीट लावून जागा पाठ करून घ्यायची. शून्य ते नऊ अशी बटणं. एक दाबलं की बुवा कमरेपासून, दोन म्हणजे चेहरा, तीन म्हणजे पेटी-तबला, चार म्हणजे मूर्ती, पाच म्हणजे पाळणा, सहा म्हणजे श्रोते. सगळं कीर्तन एवढ्यात निभतं.”

“श्रोते जपून. पूर्वरंगाला आमचे अध्यक्ष पेंगतात.”

“मग त्यांना सोडून घ्यायचं.”

“आणि तो पुतण्या सांगत होता, कॅमेरा आपोआप बुवांच्या मागे फिरतो. माणसाची गरजच नाही.”

ऑटो ट्रॅकिंग. वर्गात एकटे शिक्षक फळ्यापुढे येरझारा घालत असतील तर ते फार छान चालतं. नारदीय कीर्तनातही बुवा एकटे पुढे असतात तोवर चालेल. पण तुमच्या सप्ताहात शेवटचे तीन दिवस वारकरी कीर्तन. बुवांच्या मागे वीस टाळकरी, सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळे एकदम डोलणार. बुवा मागे सरकले आणि एखादा टाळकरी रंगात येऊन पुढे आला की कॅमेरा त्याच्याच मागे लागतो. मी एका गावी बघितलंय. अभंगाचं निरूपण ऐकू येत होतं बुवांचं आणि दिसत होता सहा मिनिटं एक पोरगा, टाळ वाजवताना जांभई देणारा. त्याच्या आईने ती क्लिप सगळ्यांना पाठवली, तेवढंच.

“म्हणजे माणूस लागतोच.”

“लागतोच. आणि तो मशीन कळणारा नसला तरी चालेल, कीर्तन कळणारा हवा. पूर्वरंग संपत आला, आता बुवांना हार आणि बुक्का, हे ज्याला आधी कळतं तो बटणावर बोट तयार ठेवतो. ज्याला फक्त मशीन कळतं तो हार घालून झाल्यावर कॅमेरा नेतो.”

वहिनी यावर काही बोलल्या नाहीत. कढीपत्त्याची पानं देठापासून सुटी करत राहिल्या. वहिनी गप्प बसल्या की काहीतरी शिजत असतं, हे शेजारधर्माने मला माहीत आहे.

उजेडाचं सांगायचं राहिलं होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? या कॅमेऱ्यांच्या आतली काच आणि सेन्सर लहान असतात, बहुतेक स्वस्त मॉडेलांत १/२.८ इंचाचा. कमी उजेडात चित्रावर मुंग्या येतात. पन्नास हजारांचा कॅमेरा आणि बुवांच्या तोंडावर समोरून पडणारे दोन साधे एलईडी दिवे, हे अंधारातल्या दीड लाखाच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलं दिसतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा खोक्यातून येतो तो बऱ्याचदा ६० वर लावलेला असतो, मग दिव्यांमुळे चित्रात पट्टे फिरतात. मेनूत जाऊन २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० केलं की बहुतेक दिव्यांचे पट्टे थांबतात. त्याला पैसे पडत नाहीत, आणि यासाठीच लोक सर्वांत जास्त पैसे घेतात.

“तुम्ही घेता?”

“लग्नात घेतो. देवळात नाही.”

आरतीच्या वेळची गोष्ट आणखी वेगळी. कापूर पेटला की ऑटोवर ठेवलेला कॅमेरा त्या ज्योतीला बघून सगळं चित्र अंधारं करतो. ज्योत सुंदर दिसते, दत्तगुरू दिसत नाहीत. धुपाचा लोट आला की फोकस धुरावर जातो आणि तिथेच चाचपडत राहतो. सूर्य मावळता मावळता पांढरा रंग निळसर व्हायला लागतो, मग दिव्यांनी पिवळा. म्हणून उजेड, फोकस आणि पांढरा रंग, तिन्ही हाताने ठरवून कुलूप लावता येतात का, आणि रिमोटवरून येतात का, हे विकत घेण्याआधी करून बघायचं. हे ज्या कॅमेऱ्यात जमत नाही तो कितीही स्वस्त असला तरी परत द्यायचा.

“आणि बसवायचा कुठे? पंख्याच्या वाशाला बसवतो म्हणाले मेहुणे, तिथे आयती वायर आहे.”

“नको! २० पट झूमला पंख्याची थरथर चित्रात दिसते, बुवांना हुडहुडी भरल्यासारखं वाटतं. दगडी खांब उत्तम. सात-आठ फुटांवर, म्हणजे उभ्या माणसांच्या डोक्यावरून जाईल. त्याहून फार वर नेला की फेट्याचाच तुरा दिसतो.”

“आवाजाचं काय? मागच्या वर्षी फोनवर लाइव्ह केलं होतं त्या पोराने, तर बुवांपेक्षा मागच्या बायकांचं बोलणं जास्त ऐकू आलं.”

“त्यात तुमचाही आवाज होता, वहिनी.”

“म्हणूनच विचारतेय!”

आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट लॅपटॉपला घ्यायचा. चित्र अडखळलं तर लोक सहन करतात, आवाज गेला की फोन ठेवून देतात. पण यातही एक खोच आहे. मिक्सरमधला आवाज ताबडतोब पोचतो, आणि नेटवर्कवरून येणारं चित्र थोडं मागून येतं. बोलण्यात ते खपून जातं. कीर्तनात नाही. झांज आधी वाजते आणि हात नंतर मिळतात, तबल्यावर थाप ऐकू येते आणि बोट अजून वरच. ओबीएसमध्ये सिंक ऑफसेट म्हणून जागा असते, तिथे आवाजाला तेवढे मिलिसेकंद थांबवून ठेवायचं. एकाने मंचावर टाळी वाजवायची, दुसऱ्याने लॅपटॉपवर आवाज नि चित्र जुळेपर्यंत आकडा हलवायचा.

खजिनदार आता दाढी करून, वही घेऊन भिंतीपाशी आले. “सेकंडहँड मिळतो म्हणे. सोनीचा. इव्हीआय-डी७०. बारा हजार.”

“दादा, तो फार गुणी कॅमेरा होता, पण एचडी येण्याआधीचा. १८ पट झूम, आणि चित्र जुन्या टीव्हीचं. जुना घ्यायचाच तर आधी एचडी आहे का ते बघा. मग शांत खोलीत लावून मान वळवायला लावा. कुरकुर ऐकू आली तर आतल्या चाकांचे दात झिजलेत. दहा वेळा एकाच प्रीसेटवर पाठवा, दर वेळी त्याच जागी थांबतो का ते बघा. घसरत असेल तर नमस्कार करून परत या.”

“आणि नवीन घेताना?”

“दुकानातला डेमो बघायचा नाही. दुकानात उजेड दुकानदाराचा असतो. कॅमेरा मंदिरात आणायला सांगा, संध्याकाळच्या आरतीला. मागच्या भिंतीपासून, पीओईवर, तुमच्याच लॅपटॉपला. जो विक्रेता आणायला तयार नाही, तो उद्या बिघाड झाल्यावर काय येणार? वॉरंटी कुठे करतात, पुण्यात की चीनला पाठवतात, तेही लिहून घ्या. आणि यूट्यूबचं चॅनल आजच उघडा. पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायची परवानगी मिळायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात. जन्मकाळाच्या पाच मिनिटं आधी उघडून चालत नाही.”

खजिनदारांनी सगळं लिहिलं. मग पेन कानावर ठेवून म्हणाले, “हे सगळं पटलं. पण अध्यक्षांना कसं सांगायचं? मेहुण्याचं क्वोटेशन नाकारलं तर पुढच्या निवडणुकीत…”

“नाकारायचं कशाला?” वहिनी पहिल्यांदाच कढीपत्ता सोडून सरळ उभ्या राहिल्या. “मेहुण्यांना लॅनची वायर ओढता येते ना?”

“त्यांचा धंदाच तो,” मी म्हणालो. “पीओई, स्विच, खांबावर ब्रॅकेट, दगडाला धक्का न लावता वायर नेणं, हे माझ्यापेक्षा ते चांगलं करतील.”

“मग वायरीचं काम त्यांना. स्विच, यूपीएस, खांबावर बसवणं, सगळं. वर दानपेटीवर त्यांचाच एक कॅमेरा. अध्यक्षांना सांगायचं, तांत्रिक जबाबदारी तुमच्या घराकडेच आहे. फिरणारा कॅमेरा एक, तो डेमो बघून घ्यायचा. सेक्रेटरी सरांचा हँडीकॅम उसना. उरलेले पैसे दिव्यांना. भाऊजींना विचारलं म्हणून सांगू नका, नाहीतर म्हणतील, यांना कमिशन.”

“मला कमिशन नको, वहिनी. सुंठवडा पाठवा म्हणजे झालं.”

खजिनदारांच्या चेहऱ्यावर रात्रीची झोप सकाळी परत आल्यासारखी दिसली. ते वही मिटून जायला निघाले आणि उंबऱ्यातून परत फिरले. “आणि ती बटणं कोण दाबणार? अध्यक्षांचा पुतण्या म्हणतो, मीच बसतो.”

“पुतण्याला कळतं का बुक्का कधी लावतात ते?” वहिनी म्हणाल्या. “आरतीला तो चपलांपाशी उभा असतो. बटणं मी दाबणार. लग्न होऊन आल्यापासून सप्ताहाचं एक कीर्तन चुकवलेलं नाही मी. बुवांनी पाणी मागवलं की पुढे काय येतं, हे मला पाठ आहे. भाऊजींनी एक ते सहा पाठ करून दिलंय. सात मी माझा ठरवलाय.”

“सात कुठला?” आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

“पहिली रांग, डावीकडून तिसरी खुर्ची.” वहिनींनी कढीपत्ता पदरात गोळा केला. “पुढच्या बैठकीत मानधनावरून फार बोलायला लागले, तर कधीतरी पूर्वरंगात दाबीन.”